रिकाम्या हातांची बाई

इनामी, ९ फेब्रुवारी

तेच्चान,

तुझं आमंत्रण पोचलं. जाड कागद, चंदेरी अक्षरं आणि वर छापलंय "प्रिय कलारसिक". सख्ख्या बहिणीला कलारसिक! तुझ्या कार्यशाळेतल्या कुणा पोरीने यादीतून पत्ता उचलून चिकटवला असणार. पत्राच्या सुरुवातीला थंडीवर आणि आलुबुखाराच्या कळ्यांवर चार गोड वाक्यं लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी लिहिणार नाही. इथे कंबरभर बर्फ आहे आणि ते उपसायला मी एकटी आहे, एवढं हवामान तुला पुरे.

"तेत्सु कुराशिगे : रिक्ततेची चाळीस वर्षं." नाव पुढे, आडनाव मागे, गोऱ्या लोकांसारखं. बासष्टाव्या वर्षी सुद्धा तुझी ही हौस फिटली नाही का रे?

आमंत्रणासोबतचं पुस्तक मी चहा पिता पिता वाचलं. पहिल्याच पानावर फोटो. "रिक्ततेची मुद्रा, क्रमांक एक. कापराचं लाकूड. उंची चार मीटर ऐंशी." खाली कुणा प्राध्यापकाने सहा पानं लिहिली आहेत, की या बाईचे रिकामे हात म्हणजे आपल्या देशाच्या आत्म्यातली पोकळी. मला इतकं हसू आलं की चहा सांडला. अरे, ती आपली आई आहे. ओढ्यावर उकिडवी बसून मुळे धुतेय. हातात मुळा नाही, कारण ओंडक्याच्या त्या बाजूला कीड लागली होती आणि लाकूड पुरलं नाही. दुसरा तुकडा जोडते म्हटलं, तर तुला तोक्योला न्यायची घाई.

सगळं मी कोरलं. जड कामाला बाबा होते. तू ट्रक ठरवलास आणि नाव लावलंस. आणि पुढची एकोणचाळीस वर्षं त्याच न कोरलेल्या मुळ्यावर जगलास. पोलादाची उकिडवी बाई, फायबरची उकिडवी बाई, कुठल्याशा वाळवंटात वीस मीटरची सोनेरी उकिडवी बाई, आणि सगळ्यांचे हात रिकामे. निदान एकीच्या हातात गाजर तरी द्यायचंस.

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. संग्रहालयाच्या ओगुची बाईंचं मला पत्र आलंय. प्रदर्शन त्याच मांडतायत. पोकळ पोट झाकणारी आईच्या पाठीवरची फळी सुटायला लागलीय, म्हणून ती काढून पुन्हा बसवायची आहे. पोट आतून कसं पोखरलं होतं, ते त्यांनी मला विचारलंय. "आपण त्या काळी वडिलांच्या कारखान्यात होता असं समजतं," असं लिहिलंय. समजतं म्हणे!

फळी बसवायच्या आधी मी आत शाईने लिहिलं होतं. तुला ठाऊक असावं म्हणून कळवते.

मित्सुए

•

तोक्यो, १६ फेब्रुवारी

मित्सुए ताई,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. इतक्या वर्षांनी तू लिहितेस आणि तेही असं. मी हाताने उत्तर लिहितोय, कारण माझी ईमेलं सेक्रेटरी वाचते आणि या गोष्टी घरातच राहिलेल्या बऱ्या.

आमंत्रणाची चूक झाली, मान्य. पण ताई, तू अजून "आई" आणि "मुळा" यातच अडकून बसली आहेस. गावात एखाद्या लाकडाला आई म्हणता येतं. जगाला त्यात काही रस नसतो. तू कोरलंस ते एक लाकडी बाईमाणूस होतं. ते रिकामे हात म्हणजे काय, हे मी पाहिलं. चार खंडांत लोक ते पाहायला येतात, ते मुळ्यासाठी नाही.

आता कामाचं. ओगुची बाईंना फळी नुसती काढायची नाहीये. टीव्हीवाल्यांना बोलावून, सगळ्यांसमोर उघडायची आहे. जुन्या देवळांतल्या मूर्तींच्या पोटात नावं सापडतात ना, तसं काहीतरी सापडेल अशी त्यांना आशा आहे. मी त्यांना सांगितलंय की माझ्या कामात असलं काही नसतं.

तर तू त्यांना एवढंच कळव, की फळी उघडली तर जुनं लाकूड फाटेल. तुझ्यासारख्या कारागिरावर त्यांचा पटकन विश्वास बसेल.

आणि हो, आत तू नक्की काय लिहिलं होतंस? मी तेव्हा तोक्योत कलादालनाच्या गडबडीत होतो. सहज विचारतोय.

तेत्सुरो

•

इनामी, २२ फेब्रुवारी

तेच्चान,

सहज विचारतोयस? अख्खं पत्र त्याच एका ओळीसाठी लिहिलंयस.

लाकूड फाटणार नाही. मी पोट तीन बोटांच्या जाडीपर्यंत पोखरलं होतं. अकरा आठवडे त्या ओंडक्यात बसून होते. कापराच्या वासाने डोकं चढायचं, जेवण जायचं नाही. फाटू नये म्हणून तर पोखरतात. आणि आता मीच खोटं लिहू की ते फाटेल? माझ्याच कामाची माझ्याच हाताने बदनामी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

मी ओगुची बाईंना खरं ते कळवलं. फळीला आठ लाकडी खुंट्या आहेत, वरून तिसरी आधी काढा, सरस गरम कापडाने सैल करा, काही होणार नाही. त्यांचं लगेच आभाराचं पत्र आलं. पोरगी मन लावून काम करणारी दिसते. तुझ्या गोतावळ्यात चुकून आली असावी.

"तुझ्यासारखा कारागीर" म्हणालास. बरोबर आहे. मी सिंहनाचाचे मुखवटे करते, घरांच्या दारांवरच्या कोरीव फळ्या करते, गेल्या वर्षी एका खानावळीला दोन बगळे करून दिले. प्रत्येकाच्या मागे माझं नाव आहे. तुझ्या कार्यशाळेत म्हणे चौदा पोरं राबतात आणि तू मधे उभा राहून बोट दाखवतोस. शेवटची पटाशी कधी हातात धरली होतीस? की फोटोपुरती धरतोस? पुस्तकात तुझा फोटो आहे तो पाहिला. पटाशी उलटी धरली आहेस. धार तुझ्या पोटाकडे आहे. छापणाऱ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही.

आत काय लिहिलं ते सांगणार नाही. उघडल्यावर वाच.

मित्सुए

•

तोक्यो, ३ मार्च

ताई,

तुझा हा कडवटपणा मला नवा नाही. गावात राहून माणसं अशीच होतात. शेजाऱ्याचं छप्पर उंच झालं की यांच्या पोटात दुखतं.

मी नीट समजावून सांगतो. तुझे हात चांगले होते, कोण नाही म्हणतंय? पण हात इनामीत दोनशे माणसांना आहेत. सकाळी रस्त्याने चाललं की दर दारातून ठोकठोक ऐकू येते. त्यातल्या एकाला तरी पॅरिसमध्ये कुणी ओळखतं का? तू ती बाई कोरून अंगणात ठेवली असतीस, तर आजपर्यंत तिच्यावर शेवाळ चढलं असतं आणि पोरांनी तिच्या मांडीवर दप्तरं टाकली असती. मी तिला बाहेर काढलं.

आणि ती मला बाबांनी दिली. त्यांच्या तोंडचे शब्द आहेत, "तेत्सुरोच्या नावाने जाऊ दे." तू तेव्हा तिथेच बसली होतीस. चकार शब्द काढला नाहीस. आता सहासष्टाव्या वर्षी तुला जाग आली?

तरी मी मोठ्या मनाने एक सुचवतो. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार आहे. तिच्या शेवटच्या पानावर "निर्मिती सहकार्य : कुराशिगे मित्सुए" असं छापून घेतो. क्रेनवाले, विमा कंपनी, फोटोग्राफर यांची नावं असतात त्याच पानावर, पण तुझं सर्वांत वर. त्या बदल्यात तू ओगुची बाईंना लिही, की आतलं लिखाण हा घरगुती मामला आहे आणि कुटुंबाची इच्छा ते जाहीर होऊ नये अशी आहे. त्यांना ते मानावं लागेल.

एप्रिलच्या आठ तारखेला उघडणार आहेत. या वर्षीच्या सरकारी सन्मानाच्या यादीत माझं नाव आहे. हे तुला कुणाला सांगायचं नाहीये.

तेत्सुरो

•

इनामी, १० मार्च

तेच्चान,

क्रेनवाल्याच्या वर! केवढी ही मेहेरबानी. तो क्रेनवाला रुसेल ना रे.

बाबांचे शब्द तुला पाठ आहेत, पण अर्धेच. उरलेले मी सांगते. मी पोटातून बाहेर आले, केसांत भुसा, आणि बाबा म्हणाले, "काम उत्तम झालंय. पण बाईच्या नावाने एवढं मोठं काम तोक्योत कोण घेईल? आणि तुझं लग्न होणार, नाव बदलणार. तेत्सुरोच्या नावाने जाऊ दे." हे सगळं म्हणाले होते. तू अंगणात सिगारेट ओढत होतास आणि ऐकू येऊनही मान वळवली नाहीस. मी बोलले नाही हे खरं आहे. त्याची मला आजही लाज वाटते. तुझ्यावरचा राग एक वेळ जाईल, स्वतःवरचा नाही जाणार.

लग्न झालंच नाही. नाव बदललंच नाही. दारावर आजही कुराशिगेच आहे.

आणि काय रे, मी अंगणात ठेवली असती तर शेवाळ चढलं असतं म्हणतोस. चढू दे की! आईच्या अंगावर आयुष्यभर ओढ्याचं पाणी उडत होतं. पोरांनी मांडीवर दप्तरं टाकली असती तर तिला आवडलंच असतं. थंड हवेच्या खोलीत दोरी लावून तिला बसवलंय आणि रखवालदार "हात लावू नका" म्हणतो, त्यापेक्षा शेवाळ पुष्कळ बरं.

मी ओगुची बाईंना असलं काही लिहिणार नाही. मला तुझं शेवटचं पान नको, पहिलं नको, तुझ्या सन्मानातला तुकडा नको. फळी उघडू दे. अक्षर माझं आहे आणि शाई चांगली होती, पुसली गेली नसणार.

आपल्याकडे जो कोरतो तो पोटात लिहितो. बाकी विसरलास तरी हे विसरला नसशील.

मित्सुए

•

तोक्यो, १९ मार्च

ताई,

चार वेळा फोन केला. तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि ठेवतेस. परवा मी स्वतः आलो. तोक्योहून बुलेट ट्रेन, पुढे टॅक्सी, आणि तुझ्या दाराला कुलूप. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं की तू आत्ताच मागच्या दाराने गेलीस. हसत सांगितलं.

योकान मिठाईची पेटी दारात ठेवून आलो आहे. तुला आवडतो तो चेस्टनटचा आहे.

एकदाच सांग. तुझं एकटीचं नाव आहे का? की बाबांचंही? माझं कुठे आहे का त्यात? एवढं कळलं तरी मला तयारी करता येईल. मला झोप लागत नाही गं.

तेत्सुरो

•

इनामी, २३ मार्च

तेच्चान,

चेस्टनटचा योकान तुला आवडायचा. मला तो गोड डाळीचा गोळा कधीच आवडला नाही. पेटी शेजारच्या म्हाताऱ्याला दिली.

आठ तारखेला वाच.

मित्सुए

•

तोक्यो, ३० मार्च

मित्सुए ताई,

तू जिंकलीस असं समजू नकोस.

सत्तावीस तारखेला मी ओगुची बाईंना बोलावून सगळं सांगितलं. "क्रमांक एक" माझ्या बहिणीने कोरली, वडिलांनी मदत केली, मी फक्त नाव लावलं. काल वर्तमानपत्रातही आलं. कात्रण सोबत जोडतो. वाच आणि शिक, अडचणीतून मार्ग कसा काढतात ते.

फळी उघडून तुझं नाव निघालं असतं, तर मी चोर ठरलो असतो. त्याआधी मीच सांगितलं, म्हणून मी प्रामाणिक ठरलो. मी पत्रकारांना म्हणालो की माझी चाळीस वर्षांची कला हा या एका कबुलीकडे येणारा प्रवास होता. कलाकाराने शेवटी स्वतःचं नावच कोरून काढायचं असतं. त्या प्राध्यापकांनी लगेच फोन केला. म्हणाले, ही तर रिक्ततेची परमावधी! नवा लेख लिहितायत.

ओगुची बाई मात्र नुसतं लिहून घेत होत्या. मग विचारलं, "एवढी वर्षं का नाही सांगितलंत?" मी म्हणालो, योग्य वेळेची वाट पाहत होतो.

आठ तारखेला तुझं नाव पोटातून निघेल आणि मी तिथे उभा राहून टाळ्या वाजवेन. ते दृश्य माझं असेल.

तेत्सुरो

•

तोक्यो, ९ एप्रिल

ताई,

नीच आहेस तू. हा शब्द मी आजवर कुणाला लिहिला नव्हता.

काल सगळे जमले होते. तीन कॅमेरे, प्राध्यापक, सांस्कृतिक खात्याचे दोन अधिकारी. खुंट्या तू सांगितल्या तशाच निघाल्या, वरून तिसरी आधी. ओगुची बाईंनी दिवा आत धरला आणि मोठ्याने वाचलं. "शोवा वर्ष एकोणसाठ, सप्टेंबर. इनामी. कुराशिगे तेत्सुरो याने घडवले." बस. तुझं नाव नाही. बाबांचं नाही. फक्त माझं! आणि मी टाळ्या वाजवायला हात वर केलेले.

मी तिथेच म्हणालो, बघा, आत माझंच नाव आहे, कबुली हा कलाविष्काराचा भाग होता, काम माझंच. जमलंही असतं. पण ओगुची बाईंनी पिशवीतून तुझं खुंट्यांबद्दलचं पत्र काढलं आणि आतल्या अक्षरांशेजारी धरलं. "हे अक्षर कुणाचं?" मला सांगावं लागलं, बहिणीचं. मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "कुराशिगे सान, काम तुमचं, नाव तुमचं, आणि आत काय लिहिलंय हे तुम्हालाच माहीत नव्हतं?"

कुणीतरी हसलं. प्राध्यापक खिडकीबाहेर बघायला लागले. ते सगळं संध्याकाळच्या बातम्यांत दाखवलं.

सन्मानाच्या यादीतून नाव गेलं. आखातातल्या नव्या मोठ्या पुतळ्याचं काम थांबलंय. दोन पोरं कार्यशाळा सोडून गेली. मी गप्प बसलो असतो तर काहीही झालं नसतं! तुला माहीत होतं. पहिल्या पत्रापासून माहीत होतं. तू एका ओळीत सांगू शकली असतीस, की आत तुझंच नाव आहे, निवांत झोप.

का नाही सांगितलंस? आणि मी आता काय करू?

तेत्सुरो

•

इनामी, २६ एप्रिल

तेच्चान,

मी तुझ्याशी एक शब्दही खोटं बोलले नाही. पत्रं जपून ठेवली असशील तर काढून बघ. मी म्हणाले, लिहिलंय. म्हणाले, अक्षर माझं आहे. बाकी सगळं तुझ्या मनाने लिहिलंस.

ती संध्याकाळ सांगते. बाबा दिवा धरून ओंडक्याबाहेर उभे होते आणि मी आत. ते एकेक शब्द सांगत होते, मी लिहीत होते. तुझ्या नावापाशी आले आणि ब्रश थांबला. बाबा म्हणाले, "शाई वाळतेय." मग लिहिलं. मला रडू आलं नाही. संताप आला, आणि बाहेर येऊन मी जेवले आणि झोपले. सकाळी फळी बसवली. मला वाटलं होतं, तू कधीतरी विचारशील. ट्रक घेऊन आलास त्या दिवशी, पुढच्या नववर्षाला, बाबांच्या अंत्यविधीला. चौदा पोरं हाताखाली असलेला माणूस, जगभर त्या बाईवर भाषणं देणारा, आणि एकदाही विचारलं नाहीस की ताई, आत काय आहे गं? मग म्हटलं, आता तूच काय ते समज.

आता काय करू विचारतोस. मी काय सांगू? इथे शिकायला येणाऱ्याला पहिलं वर्षभर नुसत्या पटाश्या पाजळायला देतात. माझ्याकडे दोनशे आहेत, निम्म्या बोथट झाल्यात. यायचं तर ये. योकान आणू नकोस. आलास तर तुझं कौतुक करणार नाही, हे आधीच सांगते.

ओगुची बाईंचा फोन आला होता. फळी परत बसवायच्या आधी मी आत माझं नाव लिहावं, ब्रश-शाई तयार आहे, म्हणाल्या. मी नको म्हटलं. पोटातलं लिखाण ज्या दिवशीचं असतं त्याच दिवशीचं राहतं. खोटं लिहिलंय ना, मग खोटंच राहू दे, माझ्याच हातचं आहे. बाहेरची पाटी मात्र बदलून घेतली. "आई मुळे धुताना. कुराशिगे मित्सुए."

काल मी गेले होते बघायला. एकोणचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तिकीट काढून गेले, ओळख दिली नाही. दोरीपाशी पुष्कळ वेळ उभी होते. तेच्चान, डावा कान चुकलाय. फार वर गेलाय आणि पाळी जाड झालीय. आईचा कान असा नव्हता. मी सत्तावीस वर्षांची होते, प्रकाश डाव्या बाजूने कमी यायचा, आणि मी घाई केली. शेजारी दोन कॉलेजच्या मुली होत्या. एक दुसरीला म्हणाली, "कान असा मुद्दाम केला असेल, नाही?"

मी त्यांना सांगितलं, नाही, तो चुकलाय. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

मी म्हणाले, मीच चुकवलाय.

मित्सुए